तांबं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मोटार वाइंडिंग आणि वायरिंगच्या कामात असल्यामुळे तांबं रोज हाताखालून जातं, आणि लोकांना कळलं की हा तांब्याचं काम करतो की मग प्रश्न वायरीवर थांबत नाहीत, बाटलीतलं पाणी, आजीची भांडी, द्राक्षावरची फवारणी, मुलाचा केमिस्ट्रीचा अभ्यास, सगळंच येतं. म्हणून एकदा नीट बसून लिहून काढलं. तांबं खरंच गुणी धातू आहे, पण त्याच्या नावावर बाजारात बरंच काही खपवलं जातं, आणि खरे गुण कुठले आणि खपवलेलं काय हे वेगळं करून सांगणं मला गरजेचं वाटतं कारण यातल्या एकदोन गोष्टी लहान मुलांच्या जिवाशी संबंधित आहेत.

तांबं म्हणजे नक्की काय? आणि ते संक्रमण धातूत कसं येतं?

अणुक्रमांक २९, घनता पाण्याच्या जवळपास नऊ पट (८.९६), वितळतं साधारण १०८५ अंश सेल्सिअसला. आवर्त सारणीत ते ११ व्या गटात बसतं, आणि त्याच्या खाली त्याच उभ्या रांगेत चांदी आणि सोनं. हे तिघे सख्खे भाऊ आहेत, तिघेही मऊ, तिघेही ठोकून पत्रा होणारे आणि ओढून तार होणारे, तिघेही विजेचे उत्तम वाहक.

बारावीची पोरं हमखास विचारतात की तांब्याचं आतलं डी कवच (इलेक्ट्रॉनांचा आतला एक थर) तर पूर्ण भरलेलं असतं, दहाच्या दहा इलेक्ट्रॉन, मग ते संक्रमण मूलद्रव्य कसं? तर धातू म्हणून भरलेलं असतं, बरोबर, पण तांबं जेव्हा दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं तेव्हा त्यातला एक त्या डी कवचातून जातो आणि तिथे नऊच उरतात. हे अर्धवट भरलेलं कवच म्हणजेच संक्रमण मूलद्रव्याची खूण. मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, निळा रंग त्यातूनच येतो. जस्ताचं असं होत नाही म्हणून जस्ताचे क्षार पांढरे आणि जस्ताला काटेकोर व्याख्येत संक्रमण धातू धरत नाहीत.

सगळे धातू पांढरट करडे, मग तांबंच लाल का?

बहुतेक धातूंवर प्रकाश पडला की सगळे रंग जवळपास सारखेच परत फिरतात म्हणून ते चांदीसारखे दिसतात. तांब्यात डी कवचातले इलेक्ट्रॉन निळा-हिरवा प्रकाश गिळून वरच्या पातळीवर उडी मारतात, मग परत येतो तो लाल-नारिंगी भाग. सोन्याचंही थोडंफार असंच आहे. ताजं कापलेलं तांबं बघा, ते एकदम गुलाबी दिसतं, आपण ज्याला तांबडा म्हणतो तो रंग हवेत राहून वर ऑक्साइडचा पातळ थर आल्यावरचा आहे.

विजेसाठी तांबंच का वापरतात?

कारण चांदी सोडली तर त्याच्याइतकी चांगली वीज दुसरा कुठलाच धातू नेत नाही, आणि चांदी परवडत नाही. प्रत्येक अणूचा एक बाहेरचा इलेक्ट्रॉन जवळपास मोकळा असतो आणि तो धातूभर फिरतो. १९१३ साली तर जगाने मापच ठरवून टाकलं की शुद्ध, नरम केलेलं तांबं म्हणजे १०० टक्के वाहकता, बाकी सगळे त्याच्याशी मोजायचे. अ‍ॅल्युमिनियम त्या मापावर साधारण ६१ टक्क्यांना येतं.

मग महावितरणच्या खांबांवरच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या का? वजनामुळे. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही हलकं आहे, तार जाड घेतली तरी खांबावर भार कमी आणि पैसाही कमी. उघड्यावर जागेची अडचण नसते ना. पण मोटारीच्या स्लॉटमध्ये (तार बसवायच्या खाचेत), घराच्या भिंतीतल्या पाइपात, तिथे जागाच नसते, तिथे तांब्याला पर्याय मिळणं अवघड. रेल्वेच्या वरच्या तारेचंही तसंच, डब्यावरचा पँटोग्राफ ज्या तारेला घासत जातो ती तार आपल्याकडे कडक ओढलेल्या तांब्याची असते, १०७ चौरस मिलिमीटर जाडीची. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून मुंबईची लोकल तांब्यावर चालतेय असं म्हटलं तर चूक नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे शुद्धतेचं महत्त्व. तांब्यात फॉस्फरससारखी गोष्ट अगदी किंचित, टक्क्याच्या काही शतांश इतकी जरी मिसळली तरी वाहकता चांगलीच खाली येते. म्हणून भंगारातलं तांबं नुसतं वितळवून कुणी तार ओढली तर ती दिसायला तांबडीच असते पण तापते जास्त.

दुकानदार म्हणतो कॉपर वायर, खरी आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच आहे. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा चढवलेली वायर मिळते, सोलली की वरून एकदम तांबडी दिसते. ओळखायचं असं की एक बारीक तार घ्या आणि ब्लेडने तिरकी खरवडा, किंवा कापून टोक भिंगातून बघा, आत पांढरं दिसलं तर ते तांबं नाही. मग वाकवून बघा, खरं नरम तांबं कितीतरी वेळा इकडून तिकडे वाकतं, मुलाम्याची तार पटकन तुटते. आणि वजन, त्याच साइजच्या चांगल्या कंपनीच्या बंडलाशेजारी ठेवून उचलून बघितलं तरी हाताला कळतं. लोहचुंबकाचा उपयोग नाही, कारण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हीला चुंबक चिकटत नाही, फार तर आत लोखंड असेल तर ते सापडेल.

साइजबद्दल म्हणाल तर घरात लाइट-पंख्याला दीड एमएम, पॉवर प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, असं साधारण चालतं (एमएम म्हणतात सगळे पण ते चौरस मिलिमीटर आहे). एसीला अडीच टाकून पैसे वाचवले असं सांगणारा वायरमन असेल तर त्याला परत बोलवू नका.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर एकमेकांना पिळून जोडली तर काय होतं?

सुरुवातीला काहीच होत नाही, म्हणूनच लोक करतात. नंतर पावसाळ्यात दमट हवेत त्या जोडावर दोन वेगळ्या धातूंची एक छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, शिवाय गरम-थंड होताना दोघांचं फुगणं-आकसणं सारखं नसतं त्यामुळे जोड सैल होतो, सैल झाला की तापतो, तापला की अजून सैल. मीटरच्या पेटीत जळका वास येतो तो बहुतेक वेळा असल्या जोडाचा असतो. दोन धातूंच्या जोडासाठी बायमेटॅलिक लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेली जोडणी) मिळतात, तेच वापरा.

तांबं मुळात येतं कुठून?

अगदी मुळात म्हणाल तर ताऱ्यांतून. सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटात लोखंडासारखे अणू न्यूट्रॉन गिळत गिळत जड होत जातात, तिथे तांबं बनतं आणि तो तारा फुटला की अवकाशात उधळतं. तेच धुळीतून पृथ्वीत आलं.

पृथ्वीच्या कवचात ते तसं विरळच आहे, दहा लाख भागांत साठ भाग वगैरे. खाण काढण्याइतकं एका जागी गोळा होतं ते ज्वालामुखीच्या खालच्या गरम पाण्यामुळे, तापलेलं खारट पाणी खडकातून तांबं विरघळवून वर आणतं आणि गार होताना फटींमध्ये टाकून जातं. म्हणूनच जगातलं सगळ्यात जास्त तांबं अँडीज पर्वतात सापडतं. चिली हा देश कित्येक वर्षं उत्पादनात पहिला आहे, तिथली एस्कोन्दिदा ही जगातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण. त्यानंतर काँगो आणि पेरू. अमेरिकेत मिशिगनमध्ये तर निव्वळ धातूच्या रूपातलं तांबं सापडायचं, म्हणजे खडकातून काढायचं आणि थेट ठोकायचं.

बाकी ठिकाणी ते गंधकाशी किंवा प्राणवायूशी बांधलेलं असतं. चाल्कोपायराइट हे मुख्य खनिज, पितळी पिवळं दिसतं आणि नवख्याला सोनं वाटतं. मॅलाकाइट हिरवं, अ‍ॅझुराइट निळं, हे दोन्ही तर दागिन्यातही घालतात.

भारतात तांबं आहे का? महाराष्ट्रात?

आहे पण गरजेच्या मानाने कमी, बराचसा माल बाहेरून येतो. राजस्थानात खेतडी, झारखंडमध्ये घाटशिलाचा पट्टा आणि मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड, म्हणजे आपल्या गोंदियाच्या शेजारीच. या खाणी हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी चालवते, १९६७ ची. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना भागात तांब्याचे साठे सापडलेत. आणि तळोजाला हिंदुस्तान कॉपरचा कारखाना आहे जिथे खाण नाही पण तांब्याच्या जाड सळ्या ओततात, त्यातून पुढे तारा ओढल्या जातात.

आयात केलेल्या खनिजातून तांबं काढणारा मोठा कारखाना गुजरातमध्ये दहेजला आहे. दुसरा मोठा तमिळनाडूत तुतिकोरिनला होता, प्रदूषणाविरोधात लोकांनी आंदोलन केलं, मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात १३ जणांचा जीव गेला आणि कारखाना बंद झाला. आपल्या घरातल्या तारेमागे हे पण आहे हे विसरू नये.

दगडापासून तार कशी होते?

आजकाल खनिजात तांबं एक टक्का असलं तरी चांगलं म्हणतात, म्हणजे एक टन तांब्यासाठी शंभर टन, कधी दोनशे टन दगड फोडायचा. तो पिठासारखा दळतात, पाण्यात तेलकट रसायन आणि हवा सोडून फेस काढतात, तांब्याचे कण फेसाला चिकटून वर येतात आणि माती खाली बसते. मग ते भट्टीत, गंधक जळून बाहेर पडतो (तो नीट पकडला तर त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड होतं आणि ते खत कारखान्याला जातं, पकडला नाही तर आजूबाजूचं शिवार जळतं), लोखंड मळीत जातं आणि उरतं ते फोडफोड आलेलं ९८-९९ टक्के तांबं. शेवटी त्याच्या जाड पाट्या मोरचुदाच्या आम्लयुक्त पाण्यात टांगून वीज सोडतात, या पाटीवरचं तांबं विरघळून समोरच्या पाटीवर शुद्ध होऊन बसतं, ९९.९९ टक्के. खाली जो गाळ साठतो त्यात सोनं-चांदी असतं, ते वेगळं काढून विकतात.

माणूस तांबं कधीपासून वापरतोय?

सात-आठ हजार वर्षांपूर्वीपासून तरी नक्की, लोखंडाच्या कितीतरी आधीपासून. आणि हे आपल्या अंगणातलं आहे बरं का. प्रवरेच्या काठी संगमनेरजवळ जोर्वे नावाचं गाव आहे, तिथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आणि त्या गावाच्या नावाने पुरातत्त्वात एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. त्याच प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, रथात माणूस उभा. चारही भरीव ओतलेल्या, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, बरेच जण उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. ज्याने आयुष्यात कधी धातू ओतलाय त्याला विचारा, इतका मोठा भरीव नग पोकळी न राहता ओतणं किती अवघड असतं, आणि हे कोणी केलं तर आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या लोकांनी किंवा त्यांच्याकडे हे पोचवणाऱ्या कोणी, चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास. फोटो नक्की बघा.

नंतर ताम्रपट आले, राष्ट्रकूट, शिलाहार या राजांनी दिलेली जमिनीची दानपत्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली असायची कारण ते कोरायला मऊ, कुजत नाही, वाळवी खात नाही. कित्येक ताम्रपट हजार वर्षांनी शेतात नांगराला लागून वर आले आणि अक्षर अन् अक्षर वाचता आलं. आणि शिवराई तर सगळ्यांना माहीत आहे, १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचं शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपती. पुढे इंग्रजी अंमलातही शिवराई बाजारात चालत होती.

तांबं, पितळ, कासं यात फरक काय?

तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ. तांबं अधिक कथील म्हणजे कासं, ताट-वाट्यांच्या काशात कथील साधारण पाचव्या भागाहून थोडं जास्त असतं, म्हणून ते खणखणीत वाजतं आणि आपटलं तर फुटतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. दहा रुपयांच्या नाण्याची पिवळी कडही तांब्याच्याच मिश्रधातूची आहे.

तांबट भांडं इतकं ठोकत का बसतात? नुसती नक्षी आहे का ती?

नक्षी वाटते पण खरं काम मजबुतीचं आहे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत गेलात तर अजूनही तो ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याचा पत्रा तापवून गार केला की एकदम मऊ पडतो, हाताने वाकतो. अशा मऊ पत्र्याला आकार द्यायचा आणि शेवटी वरून एकसारखे ठोके मारत जायचं, त्याला मठारणं म्हणतात. प्रत्येक ठोक्याने धातूच्या आतली स्फटिकांची रचना दाबली जाऊन अडकते आणि तिथे तांबं कडक होतं, चेपत नाही. म्हणून मठारलेला बंब किंवा हंडा पातळ पत्र्याचा असला तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मशीनने दाबून नंतर वर खोटे ठोके उमटवलेली भांडीही मिळतात, त्यात सगळे खड्डे एकाच मापाचे आणि ओळीत असतात, हाताच्या कामात थोडं पुढेमागे होतंच.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी खरंच चांगलं असतं का?

एका बाबतीत हो. साधं पाणी रात्रभर, १६ तासांपर्यंत तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर त्यातले जुलाबाचे, कॉलऱ्याचे जंतू मरतात हे प्रयोगात दिसलंय, आणि एवढ्या वेळात पाण्यात उतरणारं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, लिटरला २ मिलिग्रॅमच्या, खूपच खाली राहतं. तांब्याचे आयन (पाण्यात सुटलेले विद्युतभारित कण) जंतूंचं वरचं आवरण फोडतात आणि आतली यंत्रणा बिघडवतात. करोनाचा विषाणूसुद्धा २०२० च्या चाचण्यांमध्ये तांब्यावर चार तासांत निष्क्रिय झाला, प्लास्टिक आणि स्टीलवर तो दोन-तीन दिवस टिकत होता.

पण हे पाणी वजन कमी करतं, थायरॉइड बरा करतं, केस काळे करतं वगैरे जे पुढे ढकललं जातं त्याला आधार नाही. तांबं शरीराला दिवसाला मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅमच लागतं आणि ते डाळी, तीळ, शेंगदाण्यातून आरामात मिळतं. आणि हे फिल्टर नव्हे, गढूळपणा, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यातलं काहीही यात जात नाही. ज्यांना विल्सन नावाचा आनुवंशिक आजार आहे त्यांच्या यकृतात तांबं साठत जातं, त्यांनी तर हे पाणी घेऊच नये.

बाटलीत लिंबू सरबत, ताक, चहा?

अजिबात नाही. आंबट पदार्थ तांबं-पितळेतून भराभर धातू ओढून घेतो, ताक कळकतं, हिरवट होतं, मळमळ आणि उलट्या होतात. आपल्याकडे सगळ्या आज्यांना हे पाठ होतं, स्टीलच्या पिढीला कुणी सांगितलं नाही आणि आता त्याच पिढीने गिफ्टमध्ये मिळालेल्या तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळायला सुरुवात केली. साधं गार पाणी, बस.

लहान बाळाचं दूध पितळेच्या भांड्यात तापवलं तर?

कृपा करून असं करू नका. आपल्याकडे पूर्वी एक ते तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा, पोट फुगायचं, कावीळ व्हायची आणि मूल काही महिन्यांत जायचं. याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणतात. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात सापडायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घराघरातलं दूध तपासलं, आणि १९८३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला: आजारी मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालं होतं आणि ते दूध पितळेच्या, तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं होतं. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे पाण्यापेक्षा दुधातून बाळाच्या पोटात कितीतरी जास्त तांबं जातं. सगळ्याच मुलांना हा आजार झाला नाही, त्यामुळे काही आनुवंशिक भागही असावा असं मानतात, पण भांडी बदलली तसा हा आजार जवळपास नाहीसा झाला. एका साध्या बदलाने किती मुलं वाचली असतील याचा विचार करा. आता पितळेची भांडी परत फॅशनमध्ये आलीत, इन्स्टावर सुंदर फोटो असतात, माझा त्याला विरोध नाही पण कल्हई नसलेल्या भांड्यात दूध तापवताना दाखवलेलं बघितलं की जीव कासावीस होतो.

कल्हई म्हणजे काय? कशी करतात?

भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देणं. भांडं आधी घासून लखलखीत करतात, भट्टीवर भात्याने तापवतात, मग कल्हईवाला नवसागराची चिमूट आत टाकतो आणि पांढरा धूर भस्सकन वर येतो. नवसागर तापून फुटतो आणि त्यातून निघणारं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड साफ करतं, त्याशिवाय कथील पकड घेत नाही. लगेच कथलाची कांडी त्या तापल्या तळाला टेकवायची, ती २३२ अंशांनाच वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने सरसर सगळीकडे फिरवायची, डोळ्यादेखत तांबडं भांडं चांदीसारखं होत जातं. मग पाण्यात बुडवून गार.

वितळण्याचा आकडा लक्षात ठेवा, कारण कल्हईचं रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं की कल्हई ओघळते. त्यात कडक फोडणी नको, तारेची घासणी नको. आत तांबडं दिसायला लागलं की परत करून घ्यायची. कथील महाग आहे म्हणून काही जण शिसं मिसळतात आणि शिसं विषारी, तेव्हा ओळखीच्याच माणसाकडून करा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

तांब्याचं कडं घातल्याने संधिवात बरा होतो का?

चाचण्या झाल्यात, खऱ्या तांब्याचं कडं आणि नुसतं दिसायला तसं कडं यात फरक आढळला नाही. आवडत असेल तर घाला. वैद्यकात तांब्याचा खरा वापर बघायचा तर कॉपर टी. सरकारी दवाखान्यात बसवतात त्या ३८० ए प्रकारात ३८० चौरस मिलिमीटर तांब्याचा पृष्ठभाग असतो, त्यातून सुटणारे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात आणि ती दहा वर्षं काम करते.

फवारणीच्या बोर्डो मिश्रणात तांबंच असतं ना? ते नीट झालंय हे कसं कळतं?

हो, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. फ्रान्समध्ये बोर्डोला रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरी होऊ नये म्हणून असलं काहीतरी शिंपडत होते, त्या वेली केवडा नावाच्या रोगातून वाचलेल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आल्या आणि १८८५ मध्ये त्याने हे औषध जाहीर केलं. आज नाशिक-सांगलीची द्राक्षं आणि कोकण-गोव्याच्या सुपारीवरचा कोळेरोग, दोन्हीकडे तेच चालतं.

मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात भिजवायचे, लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत कधीही नाही. मग दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. झालं की विळ्याचं घासलेलं पातं थोडा वेळ त्यात बुडवून काढायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, लोखंड विरघळून त्याची जागा तांब्याने घेतलीय, असं द्रावण फवारलं तर पानं जळतील. चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवायची आणि परत पातं बुडवायचं, स्वच्छ निघालं की तयार. त्याच दिवशी वापरून संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. तांबं मातीत कुजून नाहीसं होत नाही, वर्षानुवर्षं साठत जातं, तेव्हा गरज नसताना फवारू नका.

तांबं हिरवं का पडतं? आणि साफ कशाने करायचं?

हवेतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू, समुद्रकाठी मीठ, यांच्यामुळे वर हिरवे क्षार धरतात. छपरावर, पुतळ्यावर हा थर चांगलाच, तो आतलं तांबं वाचवतो, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तांबडा होता आणि पत्रा अडीच मिलिमीटरहूनही पातळ असून आजवर टिकलाय. पण खाण्यापिण्याच्या भांड्यात हिरवं दिसलं तर ते विषारी आहे, आधी साफ करा. चिंच किंवा लिंबू आणि मीठ, आम्ल थर विरघळवतं आणि मीठ त्याला मदत करतं, म्हणून नुसत्या लिंबापेक्षा मीठ लावलेलं लिंबू पटकन काम करतं. पितांबरीही चालते. शेवटी भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर तासाभरात काळे डाग पडतात.

खेकड्याचं रक्त निळं असतं ते तांब्यामुळे?

हो, खेकडे, कोळंबी, माकूळ यांच्या रक्तात प्राणवायू वाहायला लोखंडाऐवजी तांबं असतं. माणसाच्या शरीरातही तांबं आहेच, पेशीत ऊर्जा तयार होण्याची शेवटची पायरी त्याच्याशिवाय चालत नाही.

इंडक्शनवर तांब्याचं भांडं का चालत नाही?

इंडक्शनला चुंबक चिकटेल असा तळ लागतो, आणि तांब्याचा रोध इतका कमी की नेहमीच्या शेगडीने ते पुरेसं तापतच नाही. गॅसवर मात्र सगळ्यात भरभर आणि सगळीकडे सारखं तापतं, स्टीलपेक्षा वीस पटीहून जास्त वेगाने ते उष्णता वाहून नेतं.

भंगारवाला तांब्याला इतका भाव का देतो? जुनी भांडी विकावी का?

कारण तांबं कितीही वेळा वितळवलं आणि शुद्ध केलं तरी ते पहिल्यासारखंच होतं, आणि भंगारातून काढायला खाणीच्या मानाने अगदी थोडी ऊर्जा लागते. मागणी तर वाढतच चाललीय, विजेच्या एका गाडीत ८० किलोच्या आसपास तांबं जातं, पेट्रोल गाडीच्या तीन-चार पट. म्हणूनच डीपीतल्या कॉइली आणि विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते आणि ऐन पाण्याच्या पाळीला शेतकरी अडकतो. कुणी स्वस्तात जळकी, सोललेली केबल घेऊन आला तर घेऊ नका.

विकायचं असेल तर आधी वेगळं करा. सोललेली चकचकीत जाड तार सगळ्यात वरच्या भावाची, मोटारीतलं आर्मिचर त्याखाली, भांड्यांचं तांबं अजून खाली, पितळ वेगळं. सगळं एका पोत्यात नेलं की पितळेचाच भाव लावतात. वजन घरी करून जा आणि त्या दिवशीचा एमसीएक्सचा (वायदे बाजाराचा) दर मोबाइलवर बघून जा. मात्र हाताने मठारलेला बंब, घंगाळ किंवा जुना हंडा असेल तर तो किलोच्या भावाने देऊ नका, एखाद्या तांबटाला दाखवा, चेपलेलं सरळ होतं, फुटलेलं झाळून मिळतं आणि आतून कल्हई केली की परत वापरात येतो.